येझदी 250: डावं ऑइल सील तीनदा बदललं, तरी धूर जात नाही

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी. आमच्या घरी 1982 ची येझदी 250 आहे. आबांनी कपाशीच्या पैशातून घेतली होती. बाजार समिती, सोयरीक, दवाखाना, सगळं तिच्यावरच झालं. मधली बारा वर्षं ती गोठ्याच्या शेडमध्ये उभी होती. दिवाळीनंतर मी तिचं पूर्ण इंजिन खोललं. क्रँक प्रेसवर देऊन नवं रॉड किट टाकलं, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातला, बेअरिंगं नवी, दोन्ही बाजूंची ऑइल सीलं नवी.

पहिले शंभरेक किलोमीटर गाडी सोन्यासारखी चालली. मग दोन्ही सायलेन्सरमधून पांढरा धूर सुरू झाला. गाडी गरम झाली तरी तो थांबत नाही. प्लग काढला की ओला आणि काळा. क्लचच्या बाजूचं तेल काढून मोजलं, तर 250 किलोमीटरमध्ये दीड कप कमी भरलं. खाली जमिनीवर मात्र एक थेंब नाही. मिस्त्रींनी डावं सील बदललं, पंधरा दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. परत बदललं, परत तेच. आता ते म्हणतात, "हल्ली मालच खराब येतो, अजून एक टाकून पाहू."

आणखी एक गोष्ट. कधी कधी अॅक्सिलरेटर सोडला तरी रेस लगेच खाली येत नाही, दोन-तीन सेकंद वरच राहते. मार्च संपत आलाय. मे महिन्यात पारोळ्याच्या रस्त्यावर पिस्टन पकडला (सिलिंडरमध्ये जाम झाला) तर केलेलं सगळं काम वाया जाईल. चौथं सील टाकण्याआधी विचारतोय: चूक सीलची आहे की बसवण्याची?

फिटर_नाना (भुसावळ)

भाऊ, चौथं सील आणू नको. थांब.

मी रेल्वेत फिटर होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. टू-स्ट्रोक गाड्या हा जुना नाद. तू लक्षणं नीट लिहिलीस म्हणून उत्तर देणं सोपं झालं.

आधी एक गोष्ट पक्की धर. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकचं सील फुटलं तर तेल बाहेर गळतं, खाली डाग दिसतो, माणूस पाहून घेतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे भाता आहे. पिस्टन वर गेला की खालच्या पोकळीत ओढ तयार होते आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवा आत येते. पिस्टन खाली आला की तोच माल दाबला जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटांमधून, वर चढतो. 3000 च्या रेसला हे मिनिटाला 3000 वेळा होतं. क्रँकच्या शाफ्टची दोन टोकं जिथून बाहेर येतात तिथे ही ओढ आणि हा दाब अडवायला फक्त तेवढे दोन रबरी ओठ आहेत. म्हणून ही सीलं तेल अडवण्यासाठी आहेत असं समजून बसवली की काम बिघडतं. ती हवा अडवण्यासाठी आहेत.

आता तुझी गाडी. येझदीत डावीकडे प्रायमरी चेन (क्रँकवरून क्लच फिरवणारी) आणि क्लच, ते तेलात. उजवीकडे डायनॅमो, तो कोरडा. डावा ओठ सुटला की ओढीच्या वेळी क्लचकडचं तेल क्रँककेसमध्ये खेचलं जातं आणि पेट्रोलबरोबर जळतं. पांढरा धूर, ओला प्लग, तेल कमी आणि जमिनीवर थेंब नाही. तू लिहिलंस ते अगदी हेच आहे. उजवा ओठ सुटला तर तेल नाही, नुसती हवा आत येते. मिश्रण पातळ होतं, रेस वर अडकते, इंजिन तापतं, आणि लांबच्या रस्त्यावर पिस्टन धरतो. तुझी रेस दोन-तीन सेकंद वर राहते म्हणतोस. मला धुरापेक्षा त्याची जास्त काळजी वाटते. धुराने प्लग खराब होतो, पातळ मिश्रणाने पिस्टनला भोक पडतं.

गाडी चालवणं आजपासून बंद ठेव.

केळीबाग (रावेर)

भाऊ, कसाले घाई करतस? पहिले शाफ्ट देख, मंग सील ले.

मना काकानी राजदूतले असंच व्हयनं व्हतं. (बाकीच्यांसाठी मराठीत लिहितो.) काकांनी राजदूत 175 ला दोनदा सील टाकलं, दोन्ही वेळा महिनाभरात गळायला लागलं. शेवटी एका जुन्या टर्नरने क्रँकच्या टोकावर नख फिरवून दाखवलं. जुन्या सीलने वीस-पंचवीस वर्षांत शाफ्टला गोल चर पाडली होती. नवं सील त्याच चरीवर बसत होतं. नवा ओठ घट्ट असतो म्हणून थोडे दिवस धरतो, मग सैल होतो. पंधरा दिवस बरं आणि पुन्हा तेच, असं तुम्ही लिहिलंय ना, वाचलं आणि काकांची राजदूत आठवली.

फिटर_नाना (भुसावळ)

केळीबाग, शंभर टक्के. माझाही संशय तिथेच आहे.

रबर मऊ आणि स्टील कडक, मग स्टील का झिजतं असा प्रश्न पडतो. ओठाखाली बारीक धूळ अडकते. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ काय कमी आहे! रबर ती धूळ धरून ठेवतं आणि शाफ्ट तिच्यावर फिरत राहतो. पॉलिश पेपर हातात धरून लेथवर जॉब फिरवावा तसंच. गाडी बारा वर्षं शेडमध्ये उभी होती, म्हणजे ओठाखाली गंजाचे बारीक खड्डेही पडले असतील.

परीक्षा सोपी आहे. शाफ्ट स्वच्छ पूस आणि नख आडवं न फिरवता शाफ्टच्या लांबीच्या दिशेने ओढ. नख अडकलं नाही, नुसती चमकदार रेघ दिसली, तर 600 आणि मग 1000 नंबरचा पेपर तेलात भिजवून शाफ्टभोवती गोल फिरवून पॉलिश कर. लांबीच्या दिशेने अजिबात घासू नको. लांबीची एक जरी रेघ राहिली तरी तिचा तेलाचा पाट होतो. नख अडकलं तर पॉलिशने भागणार नाही. मग दोनच रस्ते. एक, सील घरात (केसच्या ज्या भोकात ते बसतं तिथे) मिलिमीटरभर मागे-पुढे बसवून ओठाला नवी जागा द्यायची, अर्थात घरात तेवढी खोली असेल तर. दुसरा, शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवायची. एसकेएफची स्पीडी-स्लीव्ह म्हणून मिळते. तिची भिंत 0.28 मिमीच्या आसपास असते, त्यामुळे सीलचा साइज तोच चालतो. बेअरिंगच्या मोठ्या दुकानात शाफ्टचा व्यास सांगून मागवायची. काही इंजिनांत सील थेट क्रँकवर न चालता मधल्या बुशवर चालतं. तसं असेल तर नुसता बुश बदलायचा, काम स्वस्तात होतं.

व्यास मोजताना चरीत मोजू नको, शेजारच्या न झिजलेल्या जागी मायक्रोमीटरने मोज. व्हर्नियरवर एवढं नाजूक काम सोडू नये.

सातपुडा_250 (यावल)

माझ्याकडे येझदीचीच रोडकिंग आहे. अनुभवाने सांगतो, सीलची दिशा तपासा. स्प्रिंगची बाजू तेलाकडे असते. डावीकडे तेल बाहेर आहे, क्लचकडे. म्हणजे डाव्या सीलची स्प्रिंग बाहेर हवी. मिस्त्रींनी उलटं बसवलं असेल.

फिटर_नाना (भुसावळ)

सातपुडा, पंपाच्या किंवा गिअरबॉक्सच्या सीलला हा नियम बरोबर आहे. इथे जरा विचार करावा लागतो.

स्प्रिंगची बाजू नुसती "तेलाकडे" नसते, ती दाबाकडे असते. ओठाच्या आत दाब भरला की ओठ शाफ्टवर अजून आवळला जातो. क्लचकडचं तेल नुसतं उडतं, त्याला दाब नसतो. दाब क्रँककेसमध्ये आहे. म्हणून बहुतेक टू-स्ट्रोक इंजिनांत दोन्हीकडच्या सीलची स्प्रिंग आत, क्रँकच्या बाजूला असते. ओढीच्या वेळी मात्र ओठ बाहेरून उचलला जायला बघतो, तेव्हा सगळी भिस्त स्प्रिंगवर आणि शाफ्टच्या गुळगुळीतपणावर. म्हणून शाफ्टवर चर असली की पहिली मार ओढीच्या वेळी बसते आणि तेल आत जातं. काही सीलांना दोन ओठ असतात, दुसरा बाहेरून येणारं अडवतो.

तरी माझं ऐकून दिशा ठरवू नका. कारखान्याने जसं बसवलं होतं तसंच बसवायचं. जुनं सील काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा: कुठली बाजू बाहेर, किती खोल. काही सीलांवर बाण असतो आणि ओठाच्या आत तिरप्या रेघा असतात. त्या रेघा शाफ्ट फिरताना तेल परत ढकलतात. बाण शाफ्ट फिरण्याच्या दिशेला जुळला पाहिजे. डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली तर नवंकोरं सील स्वतःच तेल आत ओढतं.

बोरीकाठ (अमळनेर)

नाना, केळीबाग, सातपुडा, मनापासून आभार. गाडी उभी केली. बाण वगैरे कधी पाहिलेच नव्हते. क्लच कव्हर काढायच्या आधी एक विचारतो: डावं सील फुटलंय की उजवं, की दोन्ही, हे इंजिन न खोलता कळेल का? पुन्हा अंदाजाने काम करायची इच्छा नाही.

गिरणाई (चाळीसगाव)

कळेल, आणि त्याला लागणारी वस्तू गावातल्या प्रत्येक दवाखान्यात आहे.

मी नर्स आहे. बाबांची राजदूत मी आणि भाऊ मिळून दुरुस्त करतो. आम्ही बीपी मोजायचं यंत्र वापरतो, डायलवालं. हाताला गुंडाळायचा पट्टा काढायचा, राहतो रबरी फुगा, नळी आणि 300 पर्यंतचा डायल. 300 मिमी पारा म्हणजे सुमारे 0.4 बार, म्हणजे साधारण 6 पीएसआय. टू-स्ट्रोकची क्रँककेस तपासायला एवढाच दाब लागतो. कंप्रेसरची हवा लावू नका, तिने चांगलं सीलसुद्धा बाहेर येईल.

कार्ब्युरेटर काढून त्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि वर लोखंडी पट्टी आवळायची. एक्झॉस्टचं तोंड तसंच बंद. येझदीला एका सिलिंडरला दोन एक्झॉस्ट आहेत, दोन्ही बंद करायला विसरू नका, पहिल्यांदा आमच्या मित्राने एकच केला होता. प्लगच्या जागी जुन्या प्लगचं पोकळ कवच घेऊन त्यात नळी बसवायची. पिस्टन अगदी खाली आणायचा म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहतात आणि वरची हवा क्रँककेसमध्ये पोचते. मग हळूहळू 300 पर्यंत फुगवायचं आणि घड्याळ बघायचं. एका मिनिटात 50 पेक्षा जास्त उतरलं तर कुठेतरी वाट आहे. साबणाचं पाणी ब्रशने लावत जायचं: हेडचा जोड, सिलिंडरच्या बुडाचं गॅस्केट, डायनॅमो काढून उजवं सील, प्रायमरी काढून डावं सील. तुम्ही बंद केलेली तोंडं आधी तपासा, नव्वद टक्के वेळा पहिला बुडबुडा तिथेच असतो.

त्या यंत्रावर पुन्हा माणसाचा बीपी घेऊ नका. पेट्रोलच्या वासाने रबर खराब होतं, आमचं वेगळं ठेवलेलं आहे.

फिटर_नाना (भुसावळ)

ताई, हे फार चांगलं सांगितलंत. मी आयुष्यभर सायकलच्या पंपाने करत आलो, दाब किती झाला ते कळायचं नाही.

त्यात दोन गोष्टी जोडतो. गिअर ऑइल भरायचं बूच उघडून तिथे कान लाव आणि साबणाचा फेस धर. येझदीत क्रँकची खोली आणि गिअरची खोली एकाच केसमध्ये शेजारी-शेजारी आहेत. दोन अर्ध्या केसचा जोड त्या दोघींच्या मधून जातो. तो जोड नीट बसला नसेल तर सील चांगलं असूनही गिअरचं तेल आत जातं आणि माणूस सीलच बदलत बसतो. दुसरं, दाब धरला म्हणून ओढही धरेल असं नाही. ब्रेकची हवा काढायचा हातपंप, ज्यावर व्हॅक्यूमचं घड्याळ असतं, तो मिळाला तर ओढीचीही परीक्षा घे.

डोंगरवाट (शहादा)

मध्येच विचारतो. माझी आरएक्स 100 आहे, तीही धूर करते. तिलाही हेच?

फिटर_नाना (भुसावळ)

असू शकतं, पण आरएक्सला तेलाचा पंप वेगळा आहे. पंपाचा झडपेचा गोळा नीट बसत नसेल तर गाडी उभी असताना टाकीतलं तेल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं आणि सकाळी धुराचा लोट येतो. धूर सकाळी पाच मिनिटं आणि मग बंद, तर पंप बघ. गरम झाल्यावरही चालू आणि क्लचकडचं तेल कमी, तर सील बघ. येझदीत तेल पेट्रोलमध्ये मिसळूनच टाकायचं, त्यामुळे तिथे पंपाचा प्रश्न येत नाही.

बोरीकाठ (अमळनेर)

रविवारी परीक्षा घेतली. सविस्तर लिहितो.

डॉक्टरांकडून जुना डायल आणला. पहिल्या वेळी दाब टिकेचना. गिरणाई, तुम्ही म्हणालात तसंच, माझी ट्यूबची पट्टीच फुसकी होती. दोन्ही एक्झॉस्टला जाड रबर लावून पुन्हा केलं. 300 पासून 20 सेकंदांत 120 वर. डावीकडे प्रायमरी काढलेली होती, क्रँकभोवती फेस लावला आणि एका जागी नाही, पूर्ण गोल बुडबुडे! उजवीकडे क्रँकभोवती काही नाही. पण सीलच्या बाहेरच्या कडेला, जिथे सील केसमध्ये बसतं, तिथे घड्याळात चार वाजतात त्या जागी एक बारीक बुडबुडा फुगतो, फुटतो, पुन्हा फुगतो. गिअरच्या बुचाशी काहीच नाही.

मग इंजिन खाली उतरवलं आणि सील काढलं. डावीकडच्या शाफ्टवर नख लावलं. अडकलं. दोनदा लावून पाहिलं, दोन्ही वेळा अडकलं. तीन सीलं बदलली, पण ज्याच्यावर ती बसणार ती जागा आम्ही एकदाही बघितली नव्हती. उजवीकडे चार वाजताच्या जागी केसच्या भोकाला आतून एक खरचटा आहे, स्क्रू-ड्रायव्हरने जुनं सील उचकटलं असणार. आबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "ते सील मी 1991 साली काढलं होतं, तेव्हाच लागलं असेल."

केळीबाग (रावेर)

आबास्ले राम राम सांगा. खरचटा कितीक खोल शे?

बोरीकाठ (अमळनेर)

नखाला जेमतेम जाणवतो. सांगतो आबांना.

फिटर_नाना (भुसावळ)

तुझ्या गाडीला दोन वेगळे आजार होते आणि दोन्ही सीलच्या नावावर खपत होते. डावीकडे ओठावरून, उजवीकडे सीलच्या पाठीमागून. आता बसवायचं कसं ते नीट लिहितो, घाई करू नको.

खरचटा बारीक आहे तर त्याच्या वर आलेल्या कडा 600 च्या पेपरने नुसत्या साफ कर, भोक मोठं करू नको. सीलचा बाहेरचा घेर रबराचा असेल तर तो एवढा खरचटा भरून काढतो. बाहेरचा घेर उघड्या पत्र्याचा असेल तर न सुकणाऱ्या गॅस्केट सोल्यूशनचा बोटाने पुसल्यासारखा पातळ थर कडेला द्यायचा. जाड सिलिकॉन अजिबात नाही. ते पेट्रोलमध्ये फुगतं, तुकडे सुटतात आणि तेच तुकडे बेअरिंगकडे जाणाऱ्या तेलाच्या भोकात अडकतात.

त्या भोकावरूनच पुढचं. बऱ्याच टू-स्ट्रोक केसमध्ये सील आणि बेअरिंगच्या मध्ये बारीक वाट असते, तिथून पेट्रोलबरोबरचं तेल बेअरिंगला मिळतं. सील जास्त खोल ठोकलं की वाट बंद. गाडी पहिल्या दिवशी छान चालते आणि दोन हजार किलोमीटरला बेअरिंग ओरडायला लागतं. म्हणून जुनं सील किती खोल होतं ते व्हर्नियरच्या मागच्या काडीने मोजून लिहून ठेव.

बेअरिंगं पुन्हा काढावी लागली तर केस गरम करूनच बसव. ज्योत लावू नको, केस वाकते. भाकरीचा जाड तवा मंद आचेवर ठेव, त्यावर केस पालथी. पाण्याचा थेंब टाकला आणि तो चुरचुर करत नाचून उडाला की शंभराच्या वर आलं समज. अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. समज 52 मिमीचं भोक आहे आणि केस 30 वरून 110 अंशांवर नेली, तर भोक साधारण 0.1 मिमी मोठं होतं. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं तर ते थोडं आकसतं. मग हातोडीची गरजच पडत नाही, बेअरिंग स्वतःच्या वजनाने टक्कन तळाला जातं. तो आवाज ऐकायला मला अजून आवडतं. केस पूर्ण गार होऊ दे, मगच सील.

सील बसवायला जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग घे, थोडी ग्राइंडरवर कमी करून. ती सीलच्या कडेवरच टेकते, मधल्या भागाला लागत नाही. रिंग नसेल तर बरोबर मापाचं सॉकेट. चारी बाजूंनी थोडं थोडं, सरळ. तिरकं गेलं तर ठोकून सरळ करू नको, काढून दुसरं घे. तिरक्या सीलची स्प्रिंग आतल्या आत सुटते आणि बाहेरून कळत नाही.

शाफ्ट सीलमधून घालताना चावीची खाच आणि आटे ओठ कापतात. दुधाच्या पिशवीचा तुकडा शाफ्टच्या टोकावर घट्ट गुंडाळ, त्याला टू-टी तेल लाव, सील पार झालं की पिशवी ओढून घे. ओठाला तेल लावल्याशिवाय कोरडं इंजिन फिरवायचं नाही. दोन ओठांचं सील असेल तर मधल्या खोबणीत थोडं ग्रीस भर.

सातपुडा_250 (यावल)

नाना, दिशेबद्दल माझी चूक होती, आज घरी उरलेलं कारखान्याचं जुनं सील पाहिलं, स्प्रिंग आतच होती. एक विचारू? डावीकडे एकावर एक दोन पातळ सीलं बसवतात काहीजण. तसं केलं तर?

फिटर_नाना (भुसावळ)

नको. दोन बसवायला पहिलं खोल जातं, म्हणजे तेलाची वाट बंद.

गिरणाई (चाळीसगाव)

सील घेताना कुठलं घ्यावं यावरही लिहा. आमच्याकडे काळं आणि तपकिरी, दोन्ही मिळतात. तपकिरी महाग आहे.

फिटर_नाना (भुसावळ)

काळं बहुधा नायट्राइल रबर असतं, तपकिरी बहुधा व्हायटन. नायट्राइल साधारण 100 अंशांपर्यंत बरं, व्हायटन 200 पर्यंत धरतं आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोललाही जास्त टिकतं. पण नुसत्या रंगावर विश्वास ठेवू नये, रंग कुणीही देऊ शकतं. पाकिटावर मटेरियल छापलेलं असलं पाहिजे आणि सीलवर माप कोरलेलं. 25 × 47 × 7 असं असेल तर शाफ्ट 25, घर 47, जाडी 7. कारखान्याचं माप 7 असताना 8 जाडीचं "चालतं" म्हणून देतात, ते घेऊ नका. ओठ बोटाने हलकेच वाकवून पाहा. जुना साठा असेल तर रबर कडक झालेलं असतं आणि बारीक तडे दिसतात.

म्हैसूरच्या आयडियल जावात 1961 पासून ही इंजिनं बनली आणि 1996 ला कारखाना बंद झाला. तेव्हापासून सगळे सुटे भाग छोट्या उत्पादकांचे. चांगलं काम करणारे आहेत, पण निवड आपल्याला करावी लागते. माझं मत विचारशील तर आपल्या भागातल्या उन्हासाठी आणि आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी व्हायटनच घे. दोन सीलांमागे फरक काही शे रुपयांचा, आणि इंजिन खोलायची मजुरी त्याच्या कितीतरी पट.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी रिकामी करा आणि कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी शेवटी क्रँकवर आणि बेअरिंगवर बसतं. शाफ्टवरचे गंजाचे खड्डे असेच पडतात.

बोरीकाठ (अमळनेर)

तीन आठवड्यांनी लिहितोय. स्लीव्ह यायला आठ दिवस लागले.

शाफ्ट मायक्रोमीटरने मोजायला धुळ्याच्या एका लेथवाल्याकडे नेला. त्यांनी मोजूनही दिला आणि स्लीव्ह कशी ढकलायची तेही दाखवलं: तिच्याबरोबर येणारी वाटी उलटी ठेवून वर पाइपने सरळ ठोके. स्लीव्ह गेली तेव्हा चर पूर्ण झाकली गेली. उजवीकडचा खरचटा पेपरने साफ केला, रबरी घेराचं सील घेतलं. बाकी बेअरिंगं बरी होती पण केस उघडली तेव्हा डावं बेअरिंग हातात फिरवलं आणि खरखर वाटली, म्हणून ते बदललं. नाना, तव्याचं केलं. आईने तवा द्यायला आधी नकार दिला, मग स्वतःच गॅसजवळ उभी राहिली. बेअरिंग टाकलं आणि तुम्ही म्हणालात तो टक्क आवाज आला.

दुधाच्या पिशवीची युक्ती दोन्हीकडे केली. उजव्या बाजूला चावीच्या खाचेपाशी पिशवी फाटली होती, काढल्यावर दिसलं. ती नसती तर ओठ तिथेच कापला गेला असता.

इंजिन फ्रेममध्ये चढवण्याआधी पुन्हा बीपीचा डायल लावला. 300. एक मिनिट, 294. पाच मिनिटं, 270. मी आणि आबा दोघे घड्याळ बघत बसलो होतो. ओढीची परीक्षाही घेतली, शेजारच्या गॅरेजवाल्याने हातपंप दिला. तीही धरली.

आता 180 किलोमीटर झाले. लिटरला 50 मिली तेल टाकतोय, हजार झाल्यावर 40 वर आणीन. धूर पहिल्या मिनिटभर, मग नाही. प्लग तपकिरी. अॅक्सिलरेटर सोडला की रेस लगेच बसते. क्लचकडचं तेल काल मोजलं, भरलं होतं तेवढंच निघालं.

केळीबाग (रावेर)

भारी काम भो! आते रावेरले या, गाडी लईसन. केळीच्या बागा दाखवतो.

गिरणाई (चाळीसगाव)

294 वाचून फार आनंद झाला. आमच्या राजदूतचा सगळ्यात चांगला आकडा 280 आहे.

फिटर_नाना (भुसावळ)

छान केलंस. 500 किलोमीटरला सिलिंडरच्या बुडाचे आणि हेडचे नट गार इंजिनावर पुन्हा आवळ. आणि तेव्हा एकदा क्लचकडच्या तेलाचा वास घे. पेट्रोलचा वास आला तर दाबाच्या वेळी डावा ओठ अजून थोडं सोडतोय. वास नाही आला तर मला इथे एक ओळ लिही.

बोरीकाठ (अमळनेर)

नाना, 520 झाले. नट आवळले. वास नाही. आबांनी पण घेऊन पाहिला.

उद्या पहाटे पाचला त्यांना मागे बसवून पारोळ्याला जातोय, ऊन चढायच्या आत परत.